उताणा दंडवत

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे माझ्या पोटावरची पिशवी बदलणं. लिहायला बरं दिसत नाही, पण जे झालं ते तेच. लोक सांगतात, आमचं शेवटचं देवदर्शन झालं, शेवटचं तिच्या हातचं गोडधोड खाल्लं. आमचं तसं काही नाही. सकाळचं ऊन दारातून आत आलं होतं, मी सदरा वर करून बाजेवर पडलो होतो आणि ती खाली बसून कात्रीनं चकतीला भोक पाडत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या खालच्या आतड्यात गाठ निघाली होती. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात आपरेशन झालं. गाठीसंगं परसाकडची वाटही काढून टाकली, आणि आतड्याचं तोंड पोटाला डाव्या बाजूनं भोक पाडून बाहेर आणून शिवलं. आता मरेपर्यंत तिथूनच. लालभडक दिसतं, डाळिंबाच्या फुलासारखं. त्याच्याभोवती एक चिकट चकती बसवायची, चकतीला पिशवी लावायची. त्या तोंडावर आपला ताबा नसतो. केव्हा येईल सांगता येत नाही. चार माणसांत बसलो तरी आवाज होतो. मी चौथी शिकलेला माणूस, आयुष्यभर शेतात राबलो, कुणापुढं मान खाली घातली नाही. त्या पिशवीनं मात्र मला घरात बसवलं.

"हलू नका," ती म्हणाली. "धार काढताना म्हैस बी एवढी हलत न्हाई."

"हात गार हाये तुझा."

"मंग शेकून आणू का?" असं म्हणत तिनं कात्री फिरवली. फिरवता फिरवताच बोलली, "येत्या चतुर्थीला राजूरला जायचंय आपल्याला. मी बोलून बसलेय. तुम्हाला आत नेलं न्हाई का, तवा. म्हणलं गणपतीबाप्पा, माणूस जिता बाहेर येऊ दे, तुझ्या दारात दंडवत घालायला आणते."

"कुणाचा दंडवत?"

"तुमचाच. माझा कशाला?"

"मला न इचारता माझा दंडवत बोललीस?"

"बेशुद्ध माणसाला काय इचारू?"

मी म्हणलं, बाई, दंडवत म्हणजे पालथं पडावं लागतं. छाती, पोट, सगळं जमिनीला टेकावं लागतं. हे पोटावर घेऊन मी पालथा पडलो तर देवाच्या दारात काय होईल, त्याचा काही विचार? तिची कात्री थांबली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाली, "एवढं तवा सुचलं न्हाई. बघील त्याचा तो." मग तिनं चकती बसवली आणि तिच्यावर तळहात ठेवून बसून राहिली. हाताच्या उबेनं ती नीट चिकटते, असं नर्सबाईनं शिकवलं होतं. तेवढं झालं आणि ती भांडी घासायला गेली. दुपारी न्हाणीजवळ टेकून बसली ती उठलीच नाही. छातीत कळ आली असंल. कुणाला हाक मारायची पण सवड मिळाली नाही.

मी रडलो. पण खरं सांगतो, खरं रडणं त्या दिवशी आलं नाही. घरात माणसं भरलेली, बाया रडून राहिलेल्या, आणि मी दगडासारखा बसलेलो. रडणं आलं ते पिशवी बदलायची वेळ झाली तेव्हा. पोरगा म्हणाला, अण्णा, मी करतो. मी त्याला बाहेर काढलं, कडी लावली, आणि एका हातात आरसा, एका हातात चकती धरून म्हाताऱ्या गड्यासारखा नाही, लहान लेकरासारखा रडलो. देवावर राग आला. वाचवायचंच होतं तर तिला वाचवायचं. मला वाचवून काय मिळवलं? मी तर बोललोही नव्हतो. जी बोलली तिलाच उचललं.

तेरावा झाला, मासिकं झाली. मी ओसरीच्या खाली उतरलो नाही. पारावर गेलो नाही, लग्नाला नाही, मातीला नाही. कुणी बोलवायला आलं तर निजल्याचं सोंग घ्यायचो. आणि आतून एकच गोष्ट टोचत राहिली. तिचं बोलणं राहिलंय. सूनबाई एकदोनदा म्हणाली, "मामा, आत्याबाईंचं राजूरचं राहिलं." तिला काय सांगणार? आमच्या घरात लहानपणापासून एक शिस्त होती, परसाकडून आलं की हातपाय धुतल्याबिगर देवघराकडं बघायचंसुद्धा नाही. माझा बाप त्यासाठी फोक मारायचा. आणि मी तर आता परसाकडचंच अंगावर घेऊन हिंडणारा माणूस. कितीही धुतलं तरी ते संगंच. असा माणूस गाभाऱ्याच्या दारात कसा उभा राहील? दंडवत तर दूरच. एकीकडं मेलेल्या बायकोचा शब्द, एकीकडं ही घाण. रात्रंदिवस तेच डोक्यात.

कपाशीची वेचणी सुरू झाली तेव्हा माझ्या मनात एक तोड निघाली. आता वाटतं, ती तोड म्हणजे शुद्ध येडेपणा होता, पण तेव्हा मला फार शहाणपणाची वाटली. चतुर्थीला सगळेच उपास धरतात. मी आदल्या दिवसापासून अन्न बंद करायचं आणि चतुर्थीला पाणीसुद्धा प्यायचं नाही. पोटात काही गेलंच नाही तर पिशवीत येईल कुठून? पिशवी कोरडी, म्हणजे मी चोख. देवाजवळ जाऊन उभा राहीन, पालथं पडायचं तेवढं बघू. नर्सबाईनं दवाखान्यातून निघताना बजावलं होतं की बाबा, उपाशी राहू नका, पाणी भरपूर प्या. ते मी उपासाच्या नावाखाली झाकून टाकलं.

पोरगा म्हणाला, "अण्णा, मोटारसायकलवर सोडतो."

"नको. दाब बसतो. मी यष्टीनं जाईन."

"बरं, पाणी तरी प्या."

"चतुर्थी हाये."

"चतुर्थीला पाणी चालतं."

"मला चालत न्हाई," म्हणलं आणि निघालो. त्यांची वेचणीची गडबड होती, बाया शेतात जाऊन थांबल्या होत्या, म्हणून त्यानं फार ताणलं नाही. सूनबाईनं एक थैली भरून दिली. तिच्यात जादा पिशवी, भोक पाडून ठेवलेली चकती, जुन्या लुगड्याचे मऊ फडके, पाण्याची बाटली. दूर्वांची जुडी मी तिच्यात ठेवू दिली नाही. ती उपरण्याच्या टोकाला बांधली. पिशवीसंगं दूर्वा ठेवायला मन धजेना.

हसनाबादहून गाडी सुटली. आपरेशननंतर पहिल्यांदा मी गाडीत बसलो होतो. खिडकीजवळची जागा मिळाली. थैली पोटाशी दोन्ही हातांनी धरून बसलो, की वरून कुणाचा धक्का लागू नये. रस्त्यात खड्डा आला की माझा जीव पोटाशी गोळा व्हायचा. बाहेर कपाशी पांढरी झाली होती, कुठं मोसंबीच्या बागा होत्या, पण माझं लक्ष सगळं सदऱ्याच्या आत. शेजारी एक तालेवार गडी बसला होता. तो बराच वेळ बघून म्हणाला, "बाबा, थैलीत सोनंबिनं हाये का? लई घट्ट धरली."

"तसंच समज."

"मंग मला शेजारी बसू कसं दिलं तुम्ही?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मीही थोडा हसलो. किती महिन्यांनी हसलो कुणास ठाऊक. पण हसल्यावर पोटात गुडगुड झाली आणि मी परत गप्प झालो.

राजूरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. चतुर्थीची गर्दी मी जन्मभर बघितलेली, पण आता ती दुसरीच वाटली. दूर्वा-फुलांच्या दुकानांपासून पायऱ्यांपर्यंत माणसंच माणसं. हळूहळू चढलो आणि देवळासमोर बांबू बांधून केलेल्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं एक तरणी बाई होती, खांद्यावर तान्हं लेकरू, आणि तिच्या पुढं तिची सासू. दोघी जाफराबादकडच्या, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. सासूचं सारखं चाललं होतं की नणंदेनं यायला पाहिजे होतं, आणि सून म्हणत होती, "त्यांच्या पायाला मेंदी लागली असंल."

तिथं मला माझ्या शहाणपणाचं फळ मिळालं. मला माहीत नव्हतं की आतडं रिकामं राहिलं की त्यात हवा धरते. सकाळपासून पिशवीत घाण आली नव्हती, ते खरं, पण हवा येत होती. पिशवी फुगत चालली. सदरा वर उचलला गेला, मी थैलीनं दाबला. उन्हानं घाम आला होता, घामानं चकती सैल झाली असणार, आणि मी वरून दाबली. एका कडेनं ती सुटली. मला कळलं ते कातडीला गरम ओल लागली तेव्हा. थोडीशीच होती. पण वास तर थोडा-जास्त बघत नाही.

पाठीमागून एक टोपीवाला म्हणाला, "कुणाचं लेकरू घाण करून बसलं?"

सगळ्यांची नजर त्या बाईकडं गेली. तिनं लेकराच्या दुपट्याची गाठ सोडून बघितलं आणि म्हणाली, "न्हाई ओ, कोरडं हाये."

"कोरडं हाये तर वास काय देवाचा येतोय?"

चार माणसं हसली. एक बाई मागून बोलली, "देवाच्या दारात यायचं तर लेकरू धुऊन आणावं. जा बाई बाहेर, धुऊन ये, मंग लाग रांगेत." सासू म्हणाली, "कोरडं हाये म्हणतेय ना ती." पण मागचे ऐकेनात, सरका सरका करायला लागले. त्या पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिनं लेकरू छातीशी घेतलं आणि बांबूखालून वाकायला लागली.

मी तिथंच होतो. माझ्या मनात काय आलं ते लिहितो. मी गप्प राहिलो असतो तर ती बाहेर गेली असती, वासाचा आळ तिच्या लेकरावर गेला असता, रांग पुढं सरकली असती, आणि मी देवापर्यंत पोचलो असतो. बायकोचा शब्द पुरा झाला असता. आणि बोललो तर सगळं तिथंच संपत होतं. ज्या गोष्टीसाठी मी महिनोन्‌महिने ओसरी सोडली नाही, ती गोष्ट पन्नास अनोळखी माणसांत तोंडानं बोलायची. मला फार वेळ विचार करायला मिळाला नाही. तिचा पदर बांबूला अडकला, तो सोडवायला तिनं हात काढला, लेकरू तिरपं झालं आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. बस, तेवढंच.

"लेकराचं न्हाई," मी म्हणलं. "माझं हाये."

"काय तुमचं?" टोपीवाला म्हणाला.

"वास. आपरेशन झालंय माझं. पोटावर संडासची पिशवी हाये. ती सुटली."

कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एकजण नुसतं "अरेरे" म्हणाला, ते जास्त लागलं. टोपीवाल्यानं दोन पावलं मागं घेतली. मी त्या बाईला म्हणलं, "तू थांब माय, मी जातो," आणि बांबूखालून निघालो. मनात म्हणलं, कारभारणी, झालं तुझं दर्शन. मला माफ कर.

चार-सहा पावलं गेलो असंन. डोळ्यांपुढं पिवळं झालं, कानात घूं घूं व्हायला लागलं. ना पोटात अन्न ना पाणी, वरून ऊन. पाय कुठं गेले कळलं नाही. एवढं आठवतं की पाठीला फरशी लागली. उताणा पडलो होतो. डोक्याखाली थैलीच आली होती, म्हणून डोकं फुटलं नाही. वर आभाळ होतं, शिखर होतं, शिखरावर झेंडा हलत होता. मला वाटलं, आता नेत असंल तर नेऊ दे, आपलं काही म्हणणं नाही. खोटं नाही लिहीत, त्या घडीला लाज नव्हती, राग नव्हता, बायकोचा शब्दसुद्धा डोक्यात नव्हता. नुसता पडलो होतो. असा कधी पडलो नव्हतो.

मग तोंडाशी बाटली आली. तीच बाई होती. लेकरू काखेत, रांग सोडून आलेली.

"प्या बाबा."

"उपास हाये माझा."

"असू द्या. घोट घोट प्या."

एक घोट घेतला आणि जिभेला चव लागली. "मीठ हाये ह्यात."

"साखर-मिठाचं पाणी हाये. ह्याला परवापासून जुलाब लागलेत. डॉक्टरनं सांगितलं, घोट घोट पाजत राह्य. म्हणून संगंच असतं." आणि परत म्हणाली, "आख्ख्या रस्त्यानं माझी साडी भरवत आलाय. आता तेवढा कोरडा राह्यला, अन् बोलणी बी आताच खाल्ली." असं म्हणून ती हसली.

चतुर्थीच्या दिवशी, भर उन्हात, देवाच्या दारात, लेकराच्या बाटलीतलं मिठाचं पाणी पिऊन माझा उपास मोडला. अर्धी बाटली प्यालो. जीव परत आला म्हणावं, इतकं ते पाणी लागू पडलं. लेकरू माझ्याकडं टकमका बघत होतं, माझ्या वाट्याचं हा पितोय म्हणून.

त्या दोघींनी मला उठवून हात धुवायच्या टाकीच्या बाजूच्या न्हाणीपर्यंत नेलं. माझी थैली त्यांनी उचलली. मी आत गेलो आणि सासू दारात उभी राहिली. आतून मला ऐकू येत होतं.

"मावशी, सरका, आत जायचंय."

"आत म्हातारा माणूस हाये. दम धर."

"किती वेळ लागंल?"

"तुझ्या घरच्या म्हाताऱ्याला लागतो तेवढा लागंल."

मी आत उभ्यानं सगळं काढलं, धुतलं, पुसलं. आरसा नव्हता, बोटानं चाचपून चकती बसवली. बराबर बसली. मग तिच्यावर तळहात ठेवून उभा राहिलो, उबेसाठी. किती वेळ उभा राहिलो सांगता येत नाही. बाहेर सासू लोकांशी भांडत होती आणि मी आत हात ठेवून उभा. माझा हात माझाच होता, पण एकटा नव्हता, एवढंच लिहितो. ते उलगडून सांगता यायचं नाही.

बाहेर आलो तर सासू माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, एक इचारू का? राग मानू नका. तुम्ही आडवे झालात न्हाई का मघाशी, मला वाटलं तुम्ही दंडवत घालून राह्यले. सून पळायला लागली, मी म्हणलं थांब, मधी जाऊ नको, त्यांचं होऊ दे. मंग नीट बघितलं तर तोंड आभाळाकडं. म्हणलं, हा कुठला दंडवत बाई, उताणा?"

मी तिथंच कट्ट्यावर बसलो. माझ्या बायकोचं बोलणं मी ह्यांना सांगितलं नव्हतं. रांगेत कुणालाच सांगितलं नव्हतं. पडलो होतो ती जागा वळून बघितली तर बराबर देवाच्या दारासमोरची, पायरीपासून हाताच्या अंतरावर. तिथं पालथा पडलो असतो तर पोटाचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारीला वाटलं, तिच्या बोलण्यानं मला लागलं. मग मी सगळं सांगितलं. माझी बायको काय बोलली होती, तिनं मला न विचारता काय कबूल केलं होतं, आणि मी पालथा पडू शकत नाही म्हणून कसा अडून बसलो होतो.

म्हातारी सरळ म्हणाली, "मंग झाला की. पोट टेकलं न्हाई तर न्हाई, पाठ तर सगळी टेकली. आता अजून काय राह्यलं?"

"मी आत येत न्हाई," मी म्हणलं. "इथूनच हात जोडतो. हे संगं घेऊन गाभाऱ्यापाशी जायचं बरं न्हाई वाटत."

त्यावर सून बोलली. लेकराचं नाक पुसत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. "मी तर पुसत पुसत आले बाबा. देवाला चालतं का न्हाई, मी इचारलंच न्हाई. लेकराला घरी ठेवून कुठं येऊ?"

ती काही मोठं बोलली असं तिला वाटलं नाही. पुढं चालायला पण लागली. मी तिच्या मागं गेलो. टोपीवाला अजून रांगेतच होता. त्यानं आम्हाला बघितलं, बांबू वर धरला आणि म्हणाला, "या, या, तुमची जागा इथंच हाये." तो दुसरीकडं बघून बोलला, पण बोलला.

देवासमोर उभा राहिलो. शेंदरी मूर्ती, दूर्वांचा ढीग. मी उपरण्याची गाठ सोडून माझी जुडी दिली. काही मागायचं सुचलं नाही. तेवढ्यात माझ्या पोटानं आवाज केला, गाभाऱ्याच्या दारात, चांगला मोठा. एरवी मी मेल्यासारखा झालो असतो. ते लेकरू आईच्या खांद्यावरून वळलं, माझ्या पोटाकडं बघितलं आणि खळखळून हसलं. त्याची आई हसली. सासू हसली. मीही हसलो. समोर तो एवढं मोठं पोट घेऊन बसलेला. म्हणलं, तुला पोटाचं काय सांगायचं?

त्या बाया त्यांच्या गाडीनं गेल्या, मी माझ्या. घरी येऊन सांगितलं तर सूनबाई म्हणाली, "मामा, ती गौराईच होती. गणपतीची आई. लेकरू घेऊन आल्ती." मी तिच्याशी वाद घातला नाही. मला तर ती जाफराबादकडची सून दिसली, घामेजलेली, नणंदेवर चिडलेली, साडीला वास येणारी. पण माझ्या तोंडाला जे पाणी लागायला पाहिजे होतं तेच तिच्या हातात होतं, हे मी बघितलं. मी उताणा पडलो, हे मी बघितलं. कुणी म्हणेल उपाशी माणूस चक्कर येऊन पडला, त्यात काय. तेही खरं आहे. मी दोन्ही ऐकून घेतो.

मला एवढं कळलं. मी महिनोन्‌महिने देवाला भेटायला चोख व्हायच्या खटपटीत होतो. खाणं तोडलं, पाणी तोडलं, दूर्वा वेगळ्या बांधल्या. देवानं मला चोख होऊ दिलं नाही. आहे तसा त्याच्या दारात आणून टाकला आणि म्हणाला असंल, एवढंच पाहिजे होतं, उठ आता. आपण आपलं ओझं उतरवून ठेवून त्याच्याकडं जायला बघतो. उतरवणारा तो आहे, आपल्याला फक्त पडायचं असतं. माझी बायको हे न शिकता जाणत होती. "बघील त्याचा तो," एवढंच बोलली होती. मला त्या शब्दाचा राग आला होता. आता रोज मनातल्या मनात तिचे पाय धरतो. देवाचे पण धरतो, पण आधी तिचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई चुलीवर भाकरी टाकून राहिली होती, शेतात न्यायच्या. मी ओसरीवरून उठून आत गेलो आणि चुलीसमोर पाट ओढून बसलो. ती म्हणाली, "मामा, तिकडं आणून देते की."

"इथंच वाढ."

तिनं बाजरीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. मी खाल्ली आणि म्हणलं, अजून एक टाक. तिनं तव्यावरची उतरवून दिली. ती अर्धी खाल्ली तेव्हा पिशवी भरायला लागली. हाताला गरम लागली. सूनबाईच्या ध्यानात आलं, ती बिचारी तव्याकडं बघत राहिली. मी म्हणलं, "भरणारच. जेवणाऱ्या माणसाची भरते." उठलो, मागं जाऊन रिकामी केली, हातपाय धुतले, देवघराकडं बघून हात जोडले, आणि परत येऊन राहिलेली अर्धी भाकर संपवली.